झोपून राहिलो नव्हतो

कोहमारा
१२ नोव्हेंबर २०२५

बाईस धनेंद्रचा नमस्कार.

पत्र पाहून घाबरू नको, कोणाले काही झालं नाही. इथं पहिल्याच दिवशी गेटवर मोबाइल काढून घेतला, चौदा दिवसांनी परत देतो म्हणाले. म्हणून दहावीच्या पेपरानंतर पहिल्यांदाच एवढं हातानं लिहून राहिलो. अर्जुनीच्या बसवरचा खुशाल ड्रायव्हर रोज इथून जातो, त्याच्या हाती देतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. नाव बाहेर लिहिणार नाही अशा कागदावर सही घेतली आहे. कशाकशावर सह्या केल्या ते मले आता आठवतबी नाही.

बावीस वर्षं रामलालशेठच्या राइस मिलची गाडी चालवली. काकीनाड्याच्या बंदरापासून कांडल्यापर्यंत तांदूळ पोचवला. शेठच्या पोरानं गाड्या विकून सगळा माल या कंपनीले दिला, तर मालाच्या मागं मीबी आलो. इथं आल्यावर छातीवर बिल्ला लावला : 'नवागत'. शिकवणारे शुभम सर पुण्याचे, चोवीस वर्षांचे. मी पहिला गिअर टाकला तेव्हा सर दोन वर्षांचे होते.

कालचा पूर्ण दिवस ट्रकमध्ये चढायले शिकवलं. दोन हात एक पाय, नाहीतर दोन पाय एक हात. तीन जागा कायम टेकून राहिल्या पायजेत. मी विचारलं, "सर, मग डबा कायनं धरू?"

"काका, डबा आधी आत ठेवायचा."

"आत ठेवाले चढाच लागते ना."

सरांनी वहीत लिहून घेतलं. पुण्याले विचारून सांगतो म्हणाले.

आज नाटक होतं. एक जण ट्रक, एक जण पायी चालणारा. तिरोड्याचे श्यामलाल म्हणून पन्नाशीचे गृहस्थ आहेत, एवढ्या मोठ्या मिशा. त्याईले रस्त्यावरचे पांढरे पट्टे बनवलं. बिचारे अर्धा तास फरशीवर आडवे पडून होते आन आम्ही हात दाखवून त्यांच्यावरून जाऊन राहिलो होतो. संध्याकाळी एक कागद देतात, त्यावर पाच तोंडं छापली आहेत, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. आजचा दिवस जसा गेला त्या तोंडावर खूण करायची. मी रडक्यावर केली तर सर म्हणाले, "काका, कारण लिहावं लागेल." मग हसऱ्यावर केली. त्याले कारण लागत नाही.

सगळं सोसून राहिलो ते एकाच गोष्टीसाठी. चौदा दिवस पार पडले तर गोंदिया–नागपूरची गाडी मिळेल. सकाळी निघा, सांजच्याले नागऱ्याले घरी, मंजू आन पोरीजवळ. मागच्या महिन्यात घरी गेलो तर पुष्पांजलीनं पाणी आणून दिलं, ग्लासाखाली बशी ठेवून. पाहुण्याले देतात तसं. पोरगी बारावीले आहे बाई, पुढच्या वर्षी ती कुठं असेल कोण जाणे. आन नापास झालो तर नावापुढं लाल शेरा, मग दोन वर्षं कंपनीच्या कोणत्याच डेपोत उभं करत नाहीत. मिलवाल्यांचा माल तर आता सगळा यांच्याकडंच आहे.

भाऊजीले नमस्कार सांग.

धनेंद्र


अर्जुनी मोरगाव
१३ नोव्हेंबर

प्रिय धनेंद्र,

तुझे पत्र खुशालने शाळेच्या गेटवर दिले नाही. थेट नववी 'ब'च्या दारात येऊन म्हणाला, "मॅडम, भावाची चिठ्ठी आहे, आतून पाठवली." पोरांना वाटले तू जेलमध्ये आहेस. मी खुलासा केला नाही. तू जे लिहितोस त्यावरून फार फरक दिसत नाही.

पत्र वाचताना हातात लाल पेन होता, सवयीने खुणा करत गेले. 'लिहून राहिलो', 'सोसून राहिलो', 'जाऊन राहिलो'. वीस वर्षे मी वर्गात सांगते, बाबांनो, 'करून राहिलो' नाही, 'करत आहे' म्हणा. पोरे मान डोलावतात आणि म्हणतात, "हो मॅडम, समजून राहिलं." घरात तुझे भाऊजी केशोराव, पेपर वाचत असले तरी "वाचून राहिलो" म्हणतात. आता तू.

बोलताना काय बोलायचे ते बोल. पण तिथे काही लिहून द्यायची वेळ आली तर दोनदा विचार कर आणि शुद्ध लिही. पुण्यात बसून कागद वाचणाऱ्याला तुझा आवाज ऐकू येत नाही, तोंड दिसत नाही. त्याच्यापुढे फक्त वाक्य असते. आणि त्या पोराला उलट प्रश्न विचारणे थांबव. डबा कशाने धरायचा हे तुला बावीस वर्षे माहीत आहे.

मंजूचा फोन आला होता. तू संध्याकाळी घरी येणार तर भात सातला टाकायचा की साडेसातला, हे तिने मला विचारले. अजून गाडी मिळालेली नाही, हे मी तिला आठवण करून दिले नाही. तू मात्र विसरू नकोस.

तुझी बाई,
रविता


कोहमारा
१५ नोव्हेंबर

बाईस नमस्कार.

तू म्हणत होती तेच झालं. लेखी द्या म्हणाले, लेखी दिलं, आन फसलो.

काल जेवणाच्या आधी एक वर्ग होता, 'थकवा व्यवस्थापन'. चार तास. पडदे ओढलेले, दिवे बंद, पंखा हळू, भिंतीवर एक झोपलेला ड्रायव्हर. त्यात शिकवलं का माणसाले सात तास झोप पायजे. इथं एका हॉलमध्ये चाळीस जण, त्यातले तीस घोरतात, साडेअकरापर्यंत 'माझे स्वप्न' या विषयावर तक्ता रंगवायले बसवतात आन पाचले योगासनाची शिट्टी. श्यामलालनं सरांना विचारलं, "सर, हे सात तास कोणत्या गावात भेटतात?" सर म्हणाले, चांगला प्रश्न आहे.

मग भात-वरण, आन दोन वाजता लगेच रस्त्यावरची परीक्षा. कोहमाऱ्याहून देवरीकडं. काचेच्या वर एक कॅमेरा आहे, तो रस्ता पाहत नाही, आपलं तोंड पाहतो. डोंगरगाव फाटा पार केला आन तो किंचाळला. परत आल्यावर सरांनी कागद पुढं केला : डोळे मिटलेले आढळले, एका ओळीत खुलासा द्या. अरे, ऊन समोरून डोळ्यावर येऊन राहिलं होतं, डोळे बारीक केले असतील. मी लिहिलं, 'मी झोपून राहिलो नव्हतो.'

सर वाचून म्हणाले, "काका, म्हणजे तुम्ही मान्य करताय."

"काय मान्य?"

"झोप लागली, पण तुम्ही झोपून राहिला नाहीत. लगेच जागे झालात."

"सर, मी झोपून राहिलोच नव्हतो."

"तेच म्हणतोय मी."

"तुम्ही ते नाही म्हणून राहिले सर, तुम्ही दुसरंच म्हणून राहिले."

"काका, मी काहीच म्हणून राहिलो नाही, मी आत्ताच म्हणतोय."

एक तास हेच. कागद पुण्याले गेला, त्यावर सरांनी खाली लिहिलं, 'झोप लागल्याचे चालकास मान्य'. बावीस वर्षांत माझ्या गाडीचा कोणाले ओरखडा लागला नाही, आन एका शब्दानं मी झोपाळू झालो. तू मराठीची मास्तरीण आहेस. सांग, माझ्या वाक्यात काय चुकलं?

धनेंद्र


अर्जुनी मोरगाव
१६ नोव्हेंबर २०२५

प्रति,
प्रशिक्षण प्रमुख,
चालक प्रशिक्षण केंद्र, कोहमारा

विषय : 'राहणे' या क्रियापदाबाबत.

महोदय,

मी येथील शाळेत वीस वर्षे मराठी शिकवते. आपले प्रशिक्षणार्थी धनेंद्र पटले माझे धाकटे भाऊ. ते नाते बाजूला ठेवून लिहीत आहे. ठेवता आले तितके.

त्यांनी खुलाशात लिहिले, 'मी झोपून राहिलो नव्हतो.' आपण अर्थ लावला, झोप लागली पण ते झोपेत राहिले नाहीत. पुण्यात हा अर्थ होतो, हे मला मान्य आहे. पण वाक्य पुण्यात लिहिलेले नाही. वैनगंगेच्या अलीकडे 'जेवून राहिलो' म्हणजे जेवत आहे आणि 'येऊन राहिलो' म्हणजे येत आहे. आमच्याकडचा माणूस उन्हाळ्यात 'गर्मीनं मरून राहिलो' असे रोज म्हणतो आणि त्यानंतर दोन ताटे भात खातो. त्याचे नाव आपण हजेरीपटावरून कमी कराल काय?

तेव्हा त्या वाक्याचा अर्थ एकच आहे : 'मी झोपत नव्हतो.' हा स्पष्ट, संपूर्ण आणि बिनशर्त नकार आहे. त्यात कबुलीचा अंशही नाही. ज्यांच्या रस्त्यावर आणि ज्यांच्या ड्रायव्हरांवर आपला व्यवसाय चालतो, त्यांची बोली समजून घेण्यासाठी चौदा दिवसांतला एक तास राखून ठेवणे आपल्याला अवघड जाऊ नये. पांढरे पट्टे होण्यासाठी अर्धा तास निघतोच.

शेरा दुरुस्त करून तशी लेखी नोंद घ्यावी.

आपली,
सौ. रविता केशोराव बिसेन

(पत्र उद्या सकाळी बसचालक खुशाल यांच्या हस्ते कार्यालयात पोचेल. प्रत ईमेलने मुख्य कार्यालयास, पुणे.)


कोहमारा
१७ नोव्हेंबर

बाई,

हे पत्र वाचून आधी एक घोट पाणी पी.

आज सकाळी सगळ्यांना उभं केलं. मले समोर बोलावलं. मी समजलो, गेली नोकरी. तर शुभम सरांनी माझ्या हातात प्रमाणपत्र दिलं, 'प्रामाणिक चालक'. चाळीस जणांनी कंपनीच्या तालावर टाळ्या वाजवल्या, दोन टाळ्या एक चुटकी, दोन टाळ्या एक चुटकी. पुण्याचा नियम असा आहे म्हणते : परीक्षेत डोळे मिटले आन ड्रायव्हरनं स्वतःहून कबूल केलं तर त्याले माफी आन एक संधी. नाकारलं आन कॅमेऱ्यात दिसलं तर सरळ घरी. माझ्यासंगं तिघांचे डोळे मिटले होते, तिघांनीबी नाकारलं. तिघांच्या पेट्या आता गेटवर आहेत.

पुण्याच्या साहेबानं खास लिहिलं का, चालकाने झोप लागल्याचे इतक्या साध्या शब्दांत मान्य केले, हे कौतुकास्पद आहे. आन नागपूरची गाडी मले ठरली. तेवीस तारखेले पत्र हातात.

आता हस. तुझं शुद्ध मराठी लिहिलं असतं, 'मी झोपत नव्हतो', तर मी चौथी पेटी असतो. जन्मात पहिल्यांदा आपली बोली कामी आली, तेबी उलटी समजली म्हणून. तर आता हे असंच राहू दे. कोणाले काही समजावू नको, कोणाले अर्थ सांगू नको.

खुशाल सकाळी ऑफिसच्या खिडकीत एक पाकीट देताना दिसला. त्याचं काय काम असेल इथं?

धनेंद्र


मुख्य कार्यालय, पुणे
१९ नोव्हेंबर २०२५

सौ. रविता बिसेन यांस,

आपले पत्र प्राप्त झाले. आपण केलेल्या भाषिक मार्गदर्शनाबद्दल विभाग आभारी आहे.

प्रशिक्षणार्थी श्री. धनेंद्र पटले यांनी दिलेली कबुली ही कबुली नसून 'स्पष्ट, संपूर्ण आणि बिनशर्त नकार' असल्याचे आपल्या पत्रामुळे निदर्शनास आले. कॅमेऱ्याच्या नोंदीत त्यांचे डोळे सलग चार सेकंद पूर्ण मिटलेले आढळतात. सबब 'प्रामाणिक चालक' प्रमाणपत्र परत घेण्यात येत असून त्यांची निवड स्थगित केली आहे. सुनावणी शुक्रवार, २१ नोव्हेंबर, दुपारी १२ वाजता, कोहमारा केंद्रात पडद्यावर (व्हिडिओद्वारे) होईल. प्रत प्रशिक्षणार्थीस दिली आहे.

कळावे,
प्रशिक्षण विभाग


अर्जुनी मोरगाव
२० नोव्हेंबर

धनेंद्र,

कंपनीचे पत्र काल ईमेलवर आले. तुझे सतराचे पत्र मला सतराच्याच संध्याकाळी मिळाले होते. तोपर्यंत माझे पाकीट तुझ्या ऑफिसात पोचून सात तास झाले होते. दोन दिवस मी देवाला विनवत होते की त्यांना माझे मराठी समजू नये. समजले. मी जिंकले. इतकी पूर्ण जिंकले की तुझ्या हातात काही उरले नाही.

तू मला वाक्यात काय चुकले एवढेच विचारले होतेस. कोणाला लिही, असे म्हटले नव्हतेस. पण ज्या बोलीवर वीस वर्षे लाल रेघ मारली तिची वकिली करायला मिळाली आणि मला चढली. तीन वेळा कच्चे लिहिले. मरणाऱ्या माणसाच्या भाताचा विनोद सुचला तेव्हा तुझ्या भाऊजींना मोठ्याने वाचून दाखवला. ते म्हणाले, "धनेंद्रले विचारलं का?" मी म्हणाले, "सत्याला विचारावे लागत नाही." असे बोलणाऱ्या बाईला बोलू द्यायचे नसते, पण ते भिडस्त आहेत.

आता एक विचारते आणि शिक्षिका म्हणून विचारत नाही. तू लिहिलेस की दुपारी दोनला देवरीकडे जाताना ऊन समोरून डोळ्यावर आले. देवरी कोहमाऱ्याच्या पूर्वेला आहे. दोन वाजता ऊन पाठीमागे असते. हे मला पहिल्या वाचनात दिसायला हवे होते; मी क्रियापदे बघत बसले होते. आणि ऊन असले तरी डोळे बारीक होतात, चार सेकंद मिटत नाहीत.

झोपला होतास का? उद्या पडद्यावर काय सांगायचे ते तू ठरव. पण मला खरे लिही. मी सही करून पाठवलेल्या पत्रात तू झोपत नव्हतास असे आहे.

रविता


कोहमारा
२१ नोव्हेंबर

बाईस,

तुझं पत्र सकाळी आलं, सुनावणीच्या आधी. बरं झालं.

झोपलो होतो. तो चार तासांचा अंधार, वरून भात, आन रस्ता सरळ. केव्हा डोळा लागला ते मले कळलं नाही, हेच तर त्याचं वाईट असते. कॅमेऱ्यानं मले उठवलं नाही, तो मागून किंचाळला. मी उठलो ते चाकाखाली रस्त्याची कडा खडखडली म्हणून. डोळे उघडले तर डाव्या आरशाच्या बाजूनं एक बाई धानाचा भारा डोक्यावर घेऊन चालून राहिली होती. भाऱ्याच्या काड्या आरशाले घासल्या. तिनं एका हातानं भारा सावरला आन चालत गेली. मागं वळूनबी पाहिलं नाही. वाऱ्यानं हलला समजली असेल. शुभम सर बाजूच्या सीटवर फॉर्म भरत होते, त्याईलेबी दिसलं नाही.

तुले ऊन सांगतलं कारण मलेबी ऊनच पायजे होतं. त्या दिवसापासून हॉलमध्ये पडलो का त्या काड्यांचा आवाज येते. बावीस वर्षं मी दुसऱ्याले सांगून राहिलो, माझ्या गाडीनं कोणाले ओरखडा नाही. आता तेबी नीट सांगता येत नाही. कॅमेऱ्यात फक्त माझं तोंड आहे, ती बाई कुठंच नाही. मी नाही सांगतलं तर ती झालीच नाही.

बाराले भिंतीवर पुण्याचे साहेब आले. मी म्हणालो, "साहेब, मी झोपलो होतो. रस्त्यावर एक बाई होती, ती वाचली."

साहेब कागद चाळून म्हणाले, "आधी तुम्ही झोपून राहिला नव्हता. मग तुमच्या भगिनी म्हणाल्या, झोपतच नव्हता. आता झोपला होता. आम्ही यातलं कोणतं नोंदवायचं?"

"शेवटचं."

"खुलासा एकदाच देता येतो, पटले. दुसऱ्यासाठी आमच्याकडे रकाना नाही."

"मग बाईसाठी?"

"कोणती बाई?"

"भारावाली."

साहेब कागद हातात धरून तसेच पाहून राहिले होते. मले वाटलं पडदा अडकला. मग शुभम सर उभे राहिले. म्हणाले, सर, परीक्षा जेवणानंतर मीच ठेवली होती, आन काकांना झोप मिळाली नव्हती हे मला माहीत होतं. पोरगा बोलताना घामेजला होता. मी त्याले काय काय बोललो इतक्या दिवसांत, मले लाज वाटली.

निकाल असा : लाल शेरा नाही. सोमवारपासून पूर्ण प्रशिक्षण पुन्हा, पहिल्या दिवसापासून. चढायले शिकण्यापासून. पास झालो तर नोकरी, पण नागपूरची गाडी श्यामलालले गेली. मले जी सुटेल ती, रायपूर, विशाखापट्टण, काय माहीत. म्हणजे पुन्हा आठ-आठ दिवस बाहेर.

तुझ्यावर राग होता, तीन दिवस होता. आता कोणावर करू ते समजत नाही. मंजूले मी नागपूरची गाडी पक्की म्हणून खुशालच्या हाती निरोप दिला होता सतरालेच. आता तिले फोनवर सांगू शकत नाही आन चिठ्ठीत लिहिता येत नाही. तू सांग. गाडी गेली तेबी सांग, काऊन गेली तेबी सांग. ऊन सांगू नको.

धनेंद्र


अर्जुनी मोरगाव
२३ नोव्हेंबर

धनेंद्र,

काल सकाळच्या गाडीने गोंदियाला गेले, तिथून नागऱ्याला. फोनवर सांगण्यासारखे नव्हते. पुष्पांजली क्लासला गेली होती. मंजू ओसरीत लाखोळीची भाजी खुडत होती. मला पाहिल्यावर तिने आधी विचारले की सोबत कोणी आहे का. म्हणजे तिला कळले होते की काहीतरी आहे. मी कोणताही शब्द न सजवता सगळे सांगितले, माझ्या पत्रासकट.

माझ्या पत्राबद्दल ती एवढेच म्हणाली, "बाई, तुम्ही लय शिकल्या ना."

नागपूरची गाडी गेल्याचे ऐकून ती भाजी खुडत राहिली. मग म्हणाली, "किती वेळ झोपले होते?"

"चार सेकंद."

"बस, चारच?" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. "चार सेकंदांनी काय होते. पुण्याचे लोक पण ना."

तिने एक शेंडा खुडला आणि तोंडातल्या तोंडात मोजायला लागली. एक. दोन. आपण लपंडाव खेळताना मोजायचो तसे भरभर नाही, घड्याळाकडे बघत. तीनला तिचा हात थांबला. चार म्हणाली नाही, नुसते ओठ हलले. भाजी मांडीवर तशीच होती.

"बाई," ती म्हणाली, "इतक्यात मी चुलीपासून रस्त्यापर्यंत जाते."

मग उठून आत गेली, बराच वेळ आली नाही. आली ती तुझी जाड चादर आणि कापसाचा पुडा घेऊन. कापूस कानात घालायला आहे, घोरणाऱ्यांसाठी. हे दोन्ही खुशाल उद्या गेटवर देईल. पहारेकरी काही म्हणाला तर त्याला सांग की बायकोने पाठवले आहे, कंपनीच्या यादीत नसले तरी. पुष्पांजलीला काय सांगायचे ते तू घरी आल्यावर सांगायचे, असे मंजूचे म्हणणे आहे. तोवर ती तिला काही सांगणार नाही आणि मीही नाही.

मी कंपनीला पुन्हा एक पत्र लिहिले आहे. घाबरू नकोस, पाठवण्याआधी तुला दाखवते आहे. त्यात दोनच ओळी आहेत : माझ्या आधीच्या पत्रातले व्याकरण बरोबर होते, माहिती चुकीची होती. आणि गाडीवर बसवण्याआधी माणसांना झोपू द्या. ठीक वाटले तर खुशालजवळ 'हो' म्हणून सांग. नको वाटले तर फाडून टाकते.

उद्या पहिला दिवस. आज रविवार आहे, हॉल अर्धा रिकामा असेल. झोप.

बाई


कोहमारा
२४ नोव्हेंबर

बाई,

पाठव.

धनेंद्र